गटात एकटीच लिहिते, बाकीचे चार्टपेपर रंगवतात

प्रश्न
नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते, पट 32. गटकार्य दिलं की एक हुशार मुलगी सगळं लिहून काढते, एक जण चार्टपेपरची किनार रंगवतो, दोघं नुसते बसतात. परवा तीच मुलगी मधल्या सुट्टीत म्हणाली, "बाई, मला एकटीलाच करू द्या ना." फार लागलं मनाला. कुणी यातून वाट काढली आहे का?

निवृत्त मुख्याध्यापक
ताई, एकट्याने उरकणारं काम चौघांना दिलं की एकच जण करणार. धडाच तुकड्यांत वाटा. याला जिगसॉ म्हणतात. एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ही पद्धत आणली. तिथे गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. प्रत्येकाकडे एकच तुकडा, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकणं भागच पडायचं.

तुम्ही अष्टप्रधान मंडळ घ्या. चौघांत आठ प्रधान, प्रत्येकी दोन. आधी सगळ्या गटांतले अमात्य-सचिववाले एकत्र बसतील, मग आपल्या गटात जाऊन शिकवतील. चाचणी मात्र ज्याची त्याची. सगळ्या गटाला सारखेच गुण दिलेत तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथीच्या बाई
एकत्र बसण्याची ती पायरी वेळ नाही म्हणून गाळू नका. मी गाळली होती. वाचन कच्चं असलेली मुलं गटात गेली आणि गप्प बसली. तिथे दोनदा बोलून झालं की जीभ सुटते. आमच्याकडे ऊसतोडीला गेलं की पोरं महिनोन्महिने नसतात, म्हणून तुकडे सकाळी हजेरी झाल्यावरच वाटते.

प्रश्नकर्ती
आज केलं. आठजण एका ठिकाणी फार झाले, नुसता गलका. मग चार-चार बसवले. अमात्य ज्याच्याकडे आला त्याच्या घरी किराणा दुकान आहे. एरवी तोंड न उघडणारा. गटात म्हणाला, "आमचे आबा रोज रात्री वही लिहितात ना, जमा नि खर्च? तेच काम, पण सगळ्या राज्याचं." ती हुशार मुलगी त्याला थांबवून विचारत होती, "मग सचिव काय लिहायचा?" आणि तो सांगत होता. चाचणी उद्या घेते.