मदत हवी आहे: घरी ऑप्टिमिस्ट (मुलांची शिडाची होडी) बांधतोय, प्लाय जड भरतोय आणि इपॉक्सी मगातच गोठतंय (नागपूर)

नमस्कार मंडळी,

सहावीतल्या लेकीसाठी पोर्चमध्ये ऑप्टिमिस्ट बांधायला घेतली आहे. शेजारचे काका रोज फाटकाशी थांबतात, "काहून जी, नागपुरात समुद्र येऊन राहिला का?" समुद्र नाही, पण शीड कशाशी खातात ते मला याच गावात कळलं. कॉलेजात नेव्हल एनसीसीत होतो, अंबाझरी तलावावर एंटरप्राइज (दोघांनी चालवायची शिडाची होडी) चालवली आहे. बांधली मात्र एकही नाही.

ऑप्टिमिस्ट म्हणजे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी एकट्याने चालवायची शर्यतीची होडी. क्लार्क मिल्सने १९४७ साली फ्लोरिडात आखली, ती ८ बाय ४ च्या प्लायमधून निघेल अशी. लांबी २.३६ मीटर, शीड साधारण ३.३ चौरस मीटर. हैदराबादला हुसेनसागरावर लेकीने शर्यत पाहिली आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर टेपने २.३६ मोजून दाखवलं.

पद्धत शिवण-इपॉक्सीची (इपॉक्सी म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारी राळ). तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे (तार कूलरच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्याकडून आणली, झकास आहे), आतून सांधा इपॉक्सी आणि लाकडाच्या बुऱ्याच्या लगद्याने भरायचा, वरून काचकापडाची (फायबरग्लासच्या कापडाची) पट्टी.

आता अडलोय ते असं. नियमाने नुसती होडी (शीड-डोलकाठी सोडून) कमीत कमी ३५ किलो हवी. माझा ६ मिमी गर्जन लाकडाचा मरीन प्लाय भंगारवाल्याच्या काट्यावर साडेतेरा किलो भरला, एक शीट! दोन शीट, कडेच्या पट्ट्या, इपॉक्सी, रंग धरून चाळिशी गाठणार. ४ मिमी घेऊन दोन्ही बाजूंनी काचकापड चढवलं तर चालेल का?

शिवाय ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला तुकडा उकळून पाहिला. मानकात ७२ तास आहेत, आमचा दोन तासांतच खारीसारखा सुटला. दुकानदार म्हणे, "उकळता कशाला?" (पातेलं जुनं होतं, तरी घरात आठवडाभर ऐकतोय.)

आणि इपॉक्सी. परवा दुपारी ४४ अंशांत २०० ग्रॅम कालवलं, दहा मिनिटांत मगातून धूर. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत थांबू का?

---

प्रतिसाद:

भाऊ, मी मूळचा वर्ध्याचा, आता रत्नागिरीत होड्यांचीच कामं करतो. आधी प्लाय. शिक्क्याखाली सीएम/एल क्रमांक (कंपनीचा परवाना क्रमांक) असतो, तो बीआयएस या मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. नसेल तर ते शीट परत करा, वाद घालत बसू नका. ४ मिमी तळाला नको, मुलगी गुडघ्यावर बसते तिथे लचकेल. ओकूमे (हलक्या आफ्रिकी लाकडाचा प्लाय) मागवा, तेवढंच शीट साडेआठ-नऊ किलोत येतं. महाग आहे, पण शर्यतीत वजनच नडतं.

इपॉक्सी घट्ट होण्याआधी कामाला मिळणारा वेळ तापमान दर १० अंशांनी वाढलं की निम्मा होतो. स्लो हार्डनर घ्या, एका वेळी ५०-६० ग्रॅमच कालवा आणि मगात ठेवू नका, पसरट ताटलीत ओता. साचलेला माल स्वतःच्याच उष्णतेने पेटतो. काम पहाटे. पावसाळ्यात दमट हवेत वर मेणचट थर येतो, पुढचा हात देण्याआधी तो साबणपाण्याने धुवायचा. आणि रंग पांढराच द्या. गडद होडी तुमच्या उन्हात एवढी तापेल की आतलं इपॉक्सी मऊ पडेल.

---

धागाकर्ता:

दादा, उपकार झाले. क्रमांक ॲपवर सापडलाच नाही, शीट परत केलं. आज पहाटे साडेपाचला ताटलीत ५० ग्रॅम कालवून उरलेल्या तुकड्यांवर नमुन्याचा सांधा केला, अर्धा तास आरामात मिळाला. पूर्ण कडक झाला की परवा शिकंजात धरून मोडून बघतो. लाकूड फाटलं आणि सांधा राहिला तर पुढे जायचं.

एकच राहिलं: ओकूमेची दोनच शीट पाठवायला कुणी तयार नाही. पुणे-मुंबईकडून कुणी मागवणार असेल तर माझीही दोन धराल का?