चर्चमधला ऑर्गन गावातल्या लोकांना वाजवायला द्यायचाय, कसं जमवावं?

तापीकाठ_भुसावळ
नमस्कार मंडळी, आमच्या चर्चमध्ये जुना ऑर्गन आहे, पाईपवाला नाही, पायाने हवा मारायचा, आपली पायपेटी. रविवारी उपासनेत दोन-तीन गीतं वाजतात, मग आठवडाभर त्याच्यावर चादर. वाजवणाऱ्या काकू थकल्या आणि नवी पोरं सगळी कीबोर्डवाली. मनात असं आहे की एखाद्या शनिवारी संध्याकाळी दार उघडं ठेवायचं आणि कोणीही या, बसा, वाजवा, येत असो नसो, चर्चचा असो नसो. कमिटी म्हणते पोरं तोडतील आणि वर लोक भलताच अर्थ काढतील. काय करू?

काळी_चार
आधी भजनी मंडळांतल्या पेटीवाल्यांना बोलवा भो! बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ, गोविंदराव पटवर्धनांचा ऑर्गन ऐकत आम्ही मोठे झालो, पण प्रत्यक्ष बसायला कुठे मिळतं? मी एकदा बसलो तर डावा हात सारखा मागे भाता शोधत होता, आणि सुरांच्या नादात पाय थांबले की आवाज गपकन बसायचा. दोन्ही हात मोकळे मिळाले तरी डाव्याला काम काय द्यायचं हेच कळेना. शेजारी एक माणूस बसवा जो फक्त "पाय, पाय" म्हणेल, बाकी शिकवू नका. आणि पत्रिकेत प्रार्थना, प्रवचन काही नको, फक्त 'ऑर्गन वाजवून बघा', म्हणजे अर्थ काढायला जागाच नाही.

सूर_दुरुस्ती
कमिटीला सांगा पोरांपेक्षा उंदीर आणि आपलं ऊन जास्त तोडतं. मे महिन्यात अजिबात नको, लाकूड सुकून भेगा पडतात आणि भात्याचं कापड तडकतं, दिवाळीनंतर ठेवा. पायट्यांचे पट्टे आधी बघून घ्या, जुने असतील तर तेच तुटणार, बदलायला फार खर्च नाही. बहुतेक अशा ऑर्गनमध्ये हवा आत ओढली जाते, पेटीच्या उलट, म्हणून धूळ थेट रीडमध्ये, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी पात्यांत. एखादा सूर मुका असेल तर रीड खराबच झाली असं नाही, बाहेर काढून मऊ ब्रश मारला की बऱ्याचदा बोलते. आणि नवख्यासाठी एक-दोनच स्टॉप (आवाजाचे वेगवेगळे प्रकार चालू करायच्या खुंट्या) ओढून ठेवा, सगळे ओढले की हवा भसाभस जाते आणि पाय दमतात. गुडघ्याने दाबायच्या पट्ट्या असतील तर त्या जरूर दाखवा, बोट कितीही जोरात मारलं तरी आवाज वाढत नाही, तो तिथून वाढतो, हे पोरांना लई आवडतं.

जळगाव_टू_लंडन
इकडे लंडन ब्रिज स्टेशनवर 2022 ला चक्क पाईप ऑर्गन ठेवला, नाव हेन्री, येणाराजाणारा कोणीही वाजवतो, ट्रेन चुकली तरी चालेल म्हणून बसणारे पण पाहिलेत. ऑर्गन शिकणारे कमी झाले म्हणून इथल्या रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सने 2025 हे वर्षच 'प्ले द ऑर्गन इयर' म्हणून केलं. तुमच्या काकूंची अडचण इथेही तीच आहे.

तापीकाठ_भुसावळ
काकूंना विचारलं, "पाय पाय" म्हणायला त्याच बसणार म्हणतात. पट्टे उद्या बघतो. कमिटीचे दोघं अजून फुगलेलेच आहेत.

खान्देशी_पोऱ्या
मन्हा पोऱ्याले कीबोर्ड येस, त्याले लई येसू. तारीख सांगजा भो, आणि चादर आधी झटका!