चर्चा: दुसरं मांजर घ्यायचं की टेंडर भरायचं?

मनीषनगरचा_बोका
आमचा मन्या तीन वर्षांपूर्वी ऐन मेमध्ये कूलरच्या टाकीमागे सापडला. तेव्हा कोणी फॉर्म भरायला लावला नव्हता. आता त्याला जोडीला पिल्लू हवंय, तर चार महिने झाले, हात रिकामेच.

पिल्लं दत्तक देणाऱ्या पहिल्या ठिकाणी घरमालकाचं संमतीपत्र मागितलं. काकांनी दोन ओळी लिहून दिल्या. मग म्हणे स्टॅम्प पेपरवर पाहिजे. काका म्हणाले, "काऊन बे, मांजर आणून राहिला का पोरीचं लग्न ठरवून राहिला?" दुसऱ्यांनी बाल्कनीला जाळी सांगितली. लावली. फोटो पाठवला, तर स्वयंपाकघराची खिडकी राहिली. तीही केली, तोवर पिल्लू दुसऱ्याकडे गेलं. तिसऱ्यांनी विचारलं, लग्न झालं का? नाही म्हटल्यावर, "मग लग्नानंतर सोडून द्याल."

मन्याच्या लसी झाल्या का, नसबंदी झाली का, हे एकानेही विचारलं नाही. माझा सगळ्यात मोठा दाखला तर सोफ्यावर लोळून राहिला आहे!

गोकुळपेठची_मावशी
मी पिल्लं सांभाळून घरं शोधते, म्हणून बोलते. मांजर चार पायांवर पडतं या भरवशावर लोक खिडक्या सताड उघड्या टाकतात. पायांवर पडूनही जबडा फुटतो, छाती दुखावते. जाळीवर मी तडजोड करत नाही. भाड्याच्या घराचंही तसंच. बदली झाली की फोन येतो, "ताई, परत घेता का?" तोवर पिल्लाचं मांजर झालेलं असतं, आणि मोठं मांजर कोणाला नको असतं. लग्नाचा प्रश्न मात्र निव्वळ आगाऊपणा.

आता मी विचारते. मन्या रस्त्यावरचा ना? फेलाइन ल्युकेमियाची, म्हणजे मांजरांच्या एका विषाणूच्या आजाराची, तपासणी केली का? तो लाळेतून पसरतो. एक वाटी, एकमेकांना चाटणं, एवढं पुरतं.

तर्रीवाला_भाऊ
एवढं कायले बाप्पा? इतवारीत धान्याच्या दुकानांमागं पिल्लंच पिल्लं. उचला अन् आणा!

गोकुळपेठची_मावशी
उचला ना भाऊ, पण आई पाजत असेल तर आठ आठवडे थांबा. आणि आणलं की डॉक्टरला दाखवेपर्यंत वेगळं ठेवा. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणू, घरात शिरला तर फरशीवर, अंथरुणात महिनोन्महिने टिकतो.

वन_बीएचके_वाली
मी उलटं बोलते. मन्याला विचारलं का कोणी? जोडी तुम्हाला पाहिजे, त्याला नाही. माझ्या मनीला सोबत म्हणून दुसरी आणली. मनी दोन महिने कपाटावर. पलंगावर मुतली ती वेगळीच. आधी बंद दाराआडून वास ओळखू द्यायचा, मग हळूहळू भेट, हे सगळं नंतर कळलं. आणि दोन मांजरांना शी-शूसाठी मातीचे ट्रे तीन! वन बीएचकेमध्ये ठेवता कुठं? दुसरीला शेवटी बहिणीकडे दिलं. शिव्या द्या.

मनीषनगरचा_बोका
शिव्या कशाला, परत आणून टाकली नाही हेच खूप. बेडरूम मी देतो, हॉलमध्ये झोपतो. दाराखालून वास घेऊ दे महिनाभर.

मावशी, तपासणी नाही केली. चुकलंच. शनिवारी नेतो. पण हा प्रश्न चार महिन्यांत पहिल्यांदा आला. फॉर्ममध्ये पगार किती ते होतं, हे नव्हतं.

वन_बीएचके_वाली
मन्या फिस्कारला तर काय करणार ते सांगितलं नाही तुम्ही.

गोकुळपेठची_मावशी
रिपोर्ट आला की सांगा. माझ्याकडे एकडोळी मांजरी आहे, दीड वर्षाची, दुसऱ्या मांजरांसोबत राहिलेली. पिल्लूच पाहिजे असेल तर विचारू नका.

मनीषनगरचा_बोका
पिल्लूच पाहिजे होतं खरं तर. फोटो पाठवता?

गोकुळपेठची_मावशी
आधी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पाठवा.