एसटी आणि पोस्ट: तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात गावी गेले होते तेव्हा कळलं की आमच्या रूटची मुक्कामाची गाडी बंद झाली, कारण काय तर भारमान (म्हणजे गाडीत किती जागा भरतात ते) कमी. ही गाडी रात्री साडेआठला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपायचे, कुणाच्या ना कुणाच्या घरनं त्यांना भाकरी जायची आणि पहाटे सहाला तीच गाडी तालुक्याला निघायची. दवाखान्याचे पेशंट, दहावीची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका सगळे तिच्यात. आता वडापची (खासगी) जीप आहे पण ती भरल्याशिवाय हलत नाही. त्या जीपवाल्याची काही चूक नाही, त्याचं पोट आहे त्यावर. पण चार माणसं असली तरी ठरल्या वेळेला गाडी सोडायची हे काम मग सरकारनंच करायचं ना? शाळा किती तोट्यात चालते असं कुणी विचारत नाही मग एसटी आणि पोस्टालाच का विचारतात हे मला खरंच कळत नाही.

म्हणून हा धागा. बरे-वाईट दोन्ही अनुभव लिहा. फक्त आगाराचं, ऑफिसचं किंवा कुणा माणसाचं नाव नको.

देवगड, सध्या डोंबिवली

माझे वडील लालबागला गिरणीत होते. आम्ही तिघं भावंडं, आई आणि आजी गावी. महिन्याला मनीऑर्डर यायची, आमचं घर त्यावरच, आणि आमच्या वाडीत बहुतेक घरांचं तसंच होतं. मनीऑर्डरच्या फॉर्मला एक छोटं कुपन असायचं त्यावर वडील दोन ओळी लिहायचे, छपराला कौलं घालून घ्या, धाकट्याला ताप होता तो गेला का, असं. आजीला वाचता येत नव्हतं म्हणून पोस्टमनदादा ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मग तिचा अंगठा घ्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दोन-तीन महिन्यांत मनीऑर्डर यायची थांबली. मी तेव्हा सातवीत. पैसे नसले तरी पोस्टमनदादा आमच्या अंगणात थांबायचे, "आज काय येऊक नाय वयनी" एवढंच सांगायला. आमचं घर वाटेवर नव्हतं, त्यासाठी चढण चढून वर यायला लागायचं. ते चढून यायचे. आई त्यांना पाणी आणि गुळाचा खडा द्यायची, तेवढंच घरात असायचं. जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली असं वाचलं तेव्हा मी आईला फोन केला तर ती आधी त्यांच्याबद्दलच बोलायला लागली.

राधानगरी तालुका

डबा! कोल्हापुरात शिकायला होतो १९९६ ते ९९. आई पहाटे उठून डबा करायची आणि वडील तो पहिल्या गाडीच्या कंडक्टरमामांकडं द्यायचे. स्टँडवर आम्ही दहा-बाराजण वाट बघत उभे. डब्यावर ऑइल पेंटनं नाव घातलेलं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. तीन वर्षांत एकदाच डबा चुकला आणि तोही दुसऱ्या पोराच्या डब्याशी बदलून गेलेला, त्याच्या आईनं केलेली शेंगदाण्याची आमटी मला अजून आठवते. मेस परवडली नसती, शिक्षण सुटलं असतं हे सरळ सांगतो.

कंडक्टरची मुलगी, अहिल्यानगर

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून आमच्या नगरला आली हे बाबा आम्हाला लहानपणापासून सांगायचे, जसं काही ते स्वतःच त्या गाडीवर होते. २९ वर्षं नोकरी केली त्यांनी. रात्री घरी आले की वेबिल (विकलेल्या तिकिटांची नोंद) आणि पैशांची थैली यांचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालूच असायचा, पाच रुपये कमी पडले तरी स्वतःच्या खिशातून. २०२१-२२ च्या संपात पाच महिन्यांच्या वर गाड्या बंद राहिल्या तेव्हा लोक चिडले आणि मला ते कळतं, ज्यांचा दवाखाना राहिला त्यांनी काय करायचं. पण मागणी काय होती ते बघा, राज्य सरकारमध्ये विलीन करा. म्हणजे ज्याचं काम करतो त्यानं आपलं म्हणावं. बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून झालं, ७५ च्या वरच्यांना त्याच्या आधीच २०२२ मध्ये मोफत झालं, दोन्ही फार चांगलं झालं, माझी सासू आता एकटी उठून बहिणीकडे जाते, आधी मुलाला पैसे मागायला लाजायची. फक्त सवलत जाहीर केली की तिचे पैसे सरकारनं वेळच्या वेळी भरले पाहिजेत, नाहीतर तो बोजा टायरवर, ब्रेकवर आणि शेवटी पगारावर येतो. हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

किनवट

आमच्याकडं लोक निराधारच्या पेन्शनला पगार म्हणतात. लॉकडाऊनमध्ये आज्जीचा पगार बँकेत पडलेला पण बँक १८ किलोमीटर आणि गाड्या सगळ्या बंद. मग डाकसेवक मशीन घेऊन दारात आला, आज्जीनं अंगठा लावला तर तो लागेना, आयुष्यभर कापूस वेचून बोटाच्या रेषाच गेल्या. त्यानं हात धुवायला लावले, तेल लावायला लावलं, एकेक करून सगळी बोटं लावून बघितली आणि शेवटी डाव्या हाताच्या बोटावर निघाले पैसे. अर्धा तास गेला त्याचा. हजार रुपये होते.

पुणे

छोटा अनुभव. भावाला राखी कुरियरनं पाठवली, कुठल्या ते सांगत नाही, त्याला फोन आला की तुमच्या गावात आम्ही येत नाही तालुक्याला येऊन घेऊन जा. पुढच्या वर्षी स्पीड पोस्ट केलं, घरी पोचलं. तेव्हापासून पोस्टच.

चोडण, गोवा

एसटी-पोस्टात बसत नाही पण लिहिते. आमचं बेट, रायबंदरला जायला फेरीबोट, सरकारच्या नदी परिवहन खात्याची, आणि पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही. कॉलेजची पाच वर्षं मी रोज दोनदा मांडवी ओलांडली, एक पैसा न देता. नदी मध्ये आली ही आमची चूक नाही असं आजोबा म्हणायचे.

मँचेस्टर

इथला अनुभव उलट बाजूनं सांगतो. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये लंडन सोडून बाकी बससेवा मोकळ्या बाजारात सोडल्या. मी २०१४ ला आलो तेव्हा एका स्टॉपवर दोन कंपन्यांच्या बस यायच्या आणि एकीचा पास दुसरीत चालायचा नाही, थंडीत आपली नसलेली बस डोळ्यासमोरून जाताना बघायची. फायद्याच्या रस्त्यावर बसच बस आणि वस्तीत संध्याकाळी सातनंतर काहीच नाही. शेवटी इथल्या प्रशासनानं रूट, वेळा, तिकिटं सगळं परत आपल्या हातात घेतलं, सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ असं टप्प्याटप्प्यानं, आता सगळ्या पिवळ्या बस आणि एकाच तिकिटात तासाभरात कितीही बस बदला. गाड्या अजूनही कंपन्याच चालवतात पण ठरवतं प्रशासन. जवळजवळ चाळीस वर्षं लागली परत यायला. आपल्याकडे एक एक फेरी बंद होते तेव्हा मला हेच आठवतं की घालवायला एक सही पुरते.

नाशिक

कुणीतरी पिनकोडचं लिहायला हवं होतं. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, पोस्टातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. महाराष्ट्रात पिंपळगाव किती आणि वडगाव किती ते मोजा म्हणजे त्या सहा आकड्यांची किंमत कळेल. आमच्या आत्याच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच पिंपळगावला जाऊन लग्नानंतर आली होती, पिनकोड लिहिला नव्हता.

पाटण तालुका

धागा काढणाऱ्या ताईंसाठी. आमची सकाळची गाडी पण भारमानाच्याच कारणानं बंद झालेली. आम्ही काय केलं ते सांगतो. ग्रामसभेत ठराव घेतला, मग शाळेत जाऊन पासवाल्या मुलींची यादी काढली, १९ मुली निघाल्या. मुलींचा पास मोफत असतो म्हणून कंडक्टरच्या पेटीत पैसे दिसत नाहीत पण माणसं गाडीत असतात, हे अर्जात स्पष्ट लिहिलं. शेजारच्या दोन वाड्यांच्या सह्या घेतल्या. ठरावाची प्रत आगाराला हातोहात देऊन पोच घेतली आणि विभागाला रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोचपावतीसकट. (आता २०२५ पासून रजिस्टर स्पीड पोस्टात मिसळलंय, पण पोचपावती मिळते.) सात आठवडे लागले, तीन चकरा झाल्या. गाडी सुरू झाली, पण वेळ पावणेसातच्या जागी सव्वासात, म्हणून मुलींचा पहिला तास अजून चुकतो, त्यासाठी दुसरा अर्ज दिलाय. पहिल्या अर्जाचा मजकूर माझ्याकडे आहे, संध्याकाळी टाइप करून इथेच टाकतो, गावाचं नाव तेवढं बदलून घ्या.