कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्सचे लोक परत का आले नाहीत?

सीनाकाठ: २००५ ला अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं त्यावर वाचतोय. न्यू ऑर्लिन्सचा ८० टक्के भाग पाण्यात गेला. पण लोअर नाइन्थ वॉर्ड म्हणून काळ्या लोकांचा भाग आहे तिथली कित्येक कुटुंबं परत आलीच नाहीत. घरं तर बऱ्याच जणांची स्वतःची होती, सरकारनं पैसे पण दिले, मग अडलं कुठं?

जुनी_गिरणी: कसे दिले ते बघा की ओ. घरं परत बांधायला सरकारची रोड होम योजना होती, त्यात वादळाआधीची घराची किंमत आणि बांधायचा खर्च, यात जे कमी ते धरायचे. काळ्यांच्या वस्तीत भाव आधीपासूनच पडलेला. म्हणजे घर तेवढंच, नुकसान तेवढंच, लाकूड-मजुरीचा दर पण तोच, पण हातात पैसे कमी. लोक २००८ ला कोर्टात गेले, तडजोड झाली २०११ ला, ६.२ कोटी डॉलरची. तोवर माणूस ह्यूस्टनला भाड्यानं राहून पोरांना तिथल्या शाळेत घालून बसलेला, परत कशाला येतोय.

विडी_घरकुल: आणि भाडेकरू? २००७ ला तिथल्या नगर परिषदेनं चार सरकारी वसाहती पाडायला मंजुरी दिली, साधारण साडेचार हजार घरं. गरिबाला परत यायचं असलं तरी यायचं कुठं बे?

फेरफार_प्रलंबित: कागदाचं राहिलं. आजोबाचं घर बापाकडं, बापाचं पोराकडं, नावावर कुणी केलंच नाही, त्यामुळं मदतीच्या वेळी मालक कोण तेच सिद्ध होईना. कर्ज नाही म्हणून पूरविम्याची सक्ती पण नव्हती, मग बऱ्याच जणांचा विमा पण नाही. आपल्याकडं २०२५ ला सीना नदीला पूर आला तेव्हा वेगळं काय झालं? सातबाऱ्यावर वारलेला आजा, नाहीतर सामाईक खातं, एक भाऊ पुण्यात, संमतीपत्रावर सही करीना. पंचनामा होऊन पैसे अडकलेले. आणि दुसऱ्याचं रान करणारा तर यादीतच नाही.

सीनाकाठ: आमचा उतारा अजून आजोबांच्याच नावावर आहे राव. काय करावं लागतं?

फेरफार_प्रलंबित: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र. तलाठ्याकडं द्या नाहीतर ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन टाका. नियमानं माणूस वारल्यापासून तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं असतं, पण उशीर झाला तरी नोंद होते. आत्या असतील तर त्यांची नावं गाळू नका, नंतर हरकत आली की परत पहिल्यापासून.

विडी_घरकुल: आत्यांना आधी फोन करा, मग तलाठ्याला 😄