शिवराईचा लॉट घेतलाय, खरी-खोटी कशी ओळखायची? अर्जंट मदत हवी आहे

दौत_लेखणी:
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. ऑनलाइन लिलावात शिवराईंचा (मराठ्यांच्या काळातली तांब्याची नाणी) एक लॉट लागला, १२ नाणी आहेत, काल कुरियर आलं आणि उघडून बघतो तर त्यातली दोन मला गडबड वाटतायत. कॅटलॉगच्या फोटोत सगळी एकावर एक पसरलेली होती त्यामुळे नीट काही दिसतच नव्हतं. हॅमर प्राइस, म्हणजे शेवटची बोली, ८,५०० आणि वर लिलाववाल्यांचं प्रीमियम, जीएसटी वेगळा. घरच्या घरी खात्री कशी करायची आणि लिलाववाले परत घेतात का एवढंच सांगा. गुरुवारच्या आत कळायला हवं, नंतर उपयोग नाही.

ठसा:
फोटो कुठायत? आणि वजन? कडा कशा आहेत? "गडबड वाटतायत" म्हणजे नेमकं काय वाटतंय, रंग, अक्षर, आवाज? एवढ्यावर कोणी काही सांगू शकणार नाही.

दौत_लेखणी:
फोटो अपलोड होत नाहीयेत, साइज जास्त म्हणतंय. वजनकाटा नाही माझ्याकडे. दोन्ही नाणी जरा गुळगुळीत वाटतात आणि हिरवा रंग सगळीकडे सारखा आहे. बाकीची दहा तशी नाहीत.

डोंबिवलीच्या_काकू:
अरे हिरवं झालंय ना मग चिंच आणि मीठ लाव, दहा मिनिटं ठेव आणि चोळून काढ. आमच्या देवघरातली तांब्याची ताम्हनं, पळी-पंचपात्र सगळं मी असंच लख्ख करते. वरचं गेलं की अक्षरं आपोआप दिसतील.

ठसा:
काकू कृपा करून हे सांगू नका कोणाला!! ताम्हन वेगळं आणि साडेतीनशे वर्षांचं नाणं वेगळं. चिंचेतल्या आम्लाने वरचा थर जातो, त्याबरोबर अक्षरांची धार जाते, आणि मग ते नाणं कितीही अस्सल असलं तरी कुठला जाणकार हातात घेत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, बास. ब्रश नको, लिंबू नको, चिंच नको. भुकटीसारखं फिक्कट हिरवं असेल, नखाने निघत असेल, तर तो तांब्याचा रोग, ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा.

डोंबिवलीच्या_काकू:
बरं बाबा. आमच्याकडे कोणी कधी तक्रार केली नाही.

करवीर_७४:
लिलावाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार निघाली होती, महाराष्ट्र सरकारने ४७.१५ लाख देऊन ती परत आणली. ऑगस्टमध्ये मुंबईत आली तेव्हा वाटलं की चला एक तरी गोष्ट घरी आली. असे अजून किती ऐवज तिकडे पडलेत. आपण सगळ्यांनी यावर जोर लावायला हवा.

ठसा:
करवीरदादा तुमचं म्हणणं लाख बरोबर पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे माणूस अडकलाय.

दौत_लेखणी:
शेजारच्या सराफाकडून वजन करून आणलं. नऊ नाणी ९ ग्रॅमच्या आगेमागे, सगळी वेगवेगळी. एक १२.१. आणि ती दोन ७.४ आणि ७.४. फोटो आता गेले बघा. अजून कोणी परताव्याचं सांगितलं नाही.

ठसा:
आता बोलता येईल. शिवाजी महाराजांच्या काळच्या पैसा शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या असतात, एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव, दुसऱ्या बाजूला छत्र / पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. नंतर पेशवाईत ज्या पाडल्या त्या हलक्या. त्यात दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी सगळ्यात जास्त सापडते, बाजारात ढिगाने आहे. तुमची नऊ त्यातलीच दिसतात, ती हातोड्याने ठोकलेलीच वाटतायत, शिक्का एका बाजूला सरकलाय, अर्धे ठिपके बाहेर गेलेत, कड वेडीवाकडी आहे, हे सगळं असायलाच हवं.

त्या दोघांचा घोळ वजनात नाही, कडेत आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. "जा"च्या बाजूला कडेला जो टवका उडालाय तो दोन्हीवर त्याच जागी आणि त्याच आकाराचा आहे. एकाच ठशातून दोन नाणी पडू शकतात, अक्षरं तंतोतंत जुळू शकतात, पण टवका हा त्या त्या तुकड्याचा असतो, दोन तुकडे सारखे तुटत नाहीत. म्हणजे एका नाण्यावरून साचा करून ही ओतली आहेत. भिंगातून बघा, अक्षरांच्या खोबणीत बारीक टाचणीएवढी भोकं दिसतील, आणि कडेला फिरवून साच्याच्या सांध्याची रेघ आहे का ते पहा. हिरवा रंग ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला तर निघतो का? निघाला तर तो वरून लावलेला रंग. खऱ्या थराला ॲसिटोनने काही होत नाही.

नाणेघाट_नाशिक:
टवक्यावर एकदम शिक्कामोर्तब करू नका. सरळ नाशिकजवळ अंजनेरीला जा, तिथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे, नाण्यांवर काम करणारी माणसं आहेत. फोटोवरून निदान मला पटत नाही.

ठसा:
अंजनेरी चांगलीच आहे, पण सारखा टवका हा पुरावा कोणालाही दाखवा, तेच सांगतील. आणि त्यांना गुरुवारच्या आत हवंय.

मधुमालती:
माझ्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं आहे, लाखो रुपये येतात असं व्हिडिओत दाखवलं, कुठे विकायचं?

नाणेघाट_नाशिक:
ताई, कोणालाही "कमिशन" किंवा "चार्ज" आधी पाठवू नका. आपल्या नावाने असे पैसे उकळले जातायत, आपण असं काही करत नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. ते नाणं चलनातलं आहे, पाचच रुपयांचं.

सह्याद्री_वकील:
परताव्याबद्दल. एकेकट्या नाण्याच्या लॉटला अस्सलतेची हमी बहुतेक लिलावगृहं देतात, पण गठ्ठ्याच्या लॉटला सहसा "जसं आहे तसं" असं कलम असतं. तुमच्या कॅटलॉगच्या शेवटी अटी वाचा, मुदत किती दिली ते बघा. कलम असलं तरी फोटो, वजन आणि टवक्याची तुलना जोडून लेखी ईमेल करा, फोनवर बोलू नका. आणि मला एक कळलं नाही, गुरुवारीच काय आहे?

दौत_लेखणी:
गुरुवारी रात्री ताईचा मुलगा न्यू जर्सीला परत चाललाय, त्याच्याबरोबर भावाला पाठवायची आहेत. तिथल्या मंडळात शिवजयंतीला मुलांना हातात द्यायला. म्हणून खोटी नकोत.

सह्याद्री_वकील:
थांबा. नाणी खरी असतील तर ती देशाबाहेर नेताच येत नाहीत. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, १०० वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, आणि ते निर्यात करायचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड. देशात विकत घेणं, जवळ ठेवणं याला काही अडचण नाही. पण भाच्याच्या बॅगेत ठेवू नका.

बे_एरियाकर:
काहीही घाबरवू नका हो लोकांना. मी आजोबांची नाणी पाकिटात घालून आणली आहेत, कोणी विचारत नाही. आणि तसं असेल तर लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावात एवढी मराठा नाणी कुठून येतात?

सह्याद्री_वकील:
विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही, आणि सापडला तर भाचा सापडणार, तुम्ही नाही. तिकडच्या लिलावातली बरीच नाणी इंग्रजी अमदानीत साहेबलोकांबरोबर गेलेली आहेत. निर्यातीवर बंधन १९४७ च्या कायद्यापासून आहे, त्याआधी गेलं त्याचा प्रश्न वेगळा.

करवीर_७४:
हेच तर मी म्हणत होतो. एकीकडे तलवार परत आणायला सरकारने पैसे मोजायचे आणि आपण शिवराया पाकिटात घालून पाठवायच्या? मला हे मनापासून लागतं.

दौत_लेखणी:
लिलाववाल्यांनी हे बिलावर कुठेच लिहिलेलं नाही! ठीक आहे, भाच्याला सांगितलं, नाणी इथेच राहतील. पण मग भावाने काय करायचं? मुलांना दाखवायचं तर आहे.

सह्याद्री_वकील:
भावाने तिकडच्याच लिलावातून घ्यावी, दुदांडी तिथेही स्वस्तात मिळते. जुन्या संग्रहातली आहे, कधी बाहेर गेली, असा कागद मागून घ्यावा.

डोंबिवलीच्या_काकू:
नाहीतर मुलांना सुट्टीत इकडे आणा. पुण्यात केळकर संग्रहालय दाखवा, अडकित्ते आणि दिवे बघून आमची नातवंडं तिथून हलायला तयार नव्हती.

दौत_लेखणी:
काकू हे पण करू. ठसा, ॲसिटोन लावलं, कापूस हिरवा झाला. दोन्हींचा. ईमेल टाकलाय फोटो जोडून. बाकीची दहा कशात ठेवू?

ठसा:
मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, त्याने तांबं चिकट हिरवं होतं. मायलरची (कडक, पारदर्शक प्लॅस्टिकची) पाकिटं घ्या, नाणेवाल्यांकडे मिळतात. प्रत्येकावर वजन आणि लॉट नंबर लिहा, बिल जपून ठेवा. आणि ते १२.१ वालं सगळ्यांत मिसळू नका, दोन्ही बाजूंचा जवळून फोटो टाका. "शिव" कसं लिहिलंय ते मला बघायचंय, शीव आहे की सिव आहे की सीव, आणि खाली "पति" ऱ्हस्व की दीर्घ. त्यावरून पुढचं सांगतो.