उल्का ‘पडली’, तारा ‘तुटला’ की यान ‘गेलं’?

डिसेंबरात गावी होतो, जुन्नरकडे. संध्याकाळी अंतराळ स्थानक दिसणार होतं म्हणून मोबाईलवर वेळ बघून आजीला घेऊन अंगणात उभा राहिलो, वायव्येकडे नजर लावून. वेळेच्या जरा आधीच चिंचेच्या शेंड्यावरून पांढरी रेघ सर्रकन उमटली आणि मी ओरडलो, आजी, यान गेलं बघ! ती म्हणाली, "आरं तारा तुटला त्यो. जानारं असं मधीच इझतं व्हय?" आणि खरंच थोड्या वेळाने त्याच बाजूने एक ठळक ठिपका न लुकलुकता वर चढला, चारपाच मिनिटं दिसत होता, सावकाश पलीकडे गेला. तेव्हापासून डोक्यात आहे की यान ‘जातं’, तारा ‘तुटतो’, उल्का ‘पडते’, ही क्रियापदं आपण कधी अदलाबदल करत नाही. पण उल्का तर बहुतेक वेळा शंभरेक किलोमीटर उंचीवरच जळून संपते, मग ‘पडली’ म्हणणं बरोबर आहे का?

—

बरोबरच आहे. मराठीत पडायला जमीन गाठावी लागतेच असं नाही, ऊन पडतं, अंधार पडतो, स्वप्न पडतं. जी खरोखर जमिनीवर पोचते तिला वेगळा शब्द आहे, अशनी. संस्कृतात अशनि म्हणजे वज्र, वीज, आणि उल्का म्हणजे पेटतं कोलीत, मशाल. म्हणजे उल्का हे दिसणाऱ्या उजेडाचं नाव आणि अशनी हे हातात येणाऱ्या दगडाचं, असं मी धरतो. म्हणून लोणारला ‘उल्कापाताने झालेलं सरोवर’ वाचलं की मला खटकतं, पावणेदोन किलोमीटरचा खड्डा उजेडाने कसा पडेल, तिथे अशनीपातच हवा.

—

आजींचं वाक्य फार आवडलं, पण एक भर घालतो. स्थानकसुद्धा कधीकधी मधेच नाहीसं होतं, कारण त्याला स्वतःचा उजेड नाही, चारशे किलोमीटरवर त्याच्यावर ऊन पडलेलं असतं म्हणून ते दिसतं आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की गेलं. पण ते काही सेकंद मंद होत होत जातं, त्याला मी ‘मालवलं’ म्हणेन. उल्का विझते. आणि ते यान नव्हे बरं का, स्थानकच म्हणा, यान म्हणजे ज्यात बसून तिथे जातात ते.

—

उलटी चूक आमच्याकडे झाली होती. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात जळते गोळे रांगेने जाताना दिसले आणि सगळीकडे उल्कापात उल्कापात सुरू झालं, मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं आणि कळलं की चिनी रॉकेटचे तुकडे. व्हिडिओ परत बघा, सगळं किती सावकाश चाललंय, एकामागे एक तुकडे सुटताहेत. उल्का अशी रेंगाळत नाही, तिचा खेळ एकदोन सेकंदांचा. मग त्या कड्याला काय म्हणायचं, अशनी तर नाही ना?

—

नाही, अशनी निसर्गाची. याला अवकाश कचरा म्हणतात ते ठीक आहे, पण आकाशात दिसताना ‘कचरा पडला’ कोण म्हणेल? मी तरी ‘यान जळत गेलं’ म्हणेन. यात जाणंही आलं आणि विझणंही. कोकणात आणि गोव्याकडे तुटत्या ताऱ्याला काय म्हणतात ते कुणी लिहाल का?